तेवीस नंबरचा चाकवत

माणूस ब्रॅकनेलचा रहिवासी नेमका कधी होतो, याबद्दल सुप्रभाताई खांबेट्यांचं मत पक्कं होतं. पासपोर्ट मिळाला म्हणजे होत नाही; पासपोर्ट देणाऱ्याला ब्रॅकनेल नकाशावर दाखवता येईल की नाही, याचीच शंका. घर घेतलं म्हणजेही होत नाही. घरं काय, दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर पुण्याहून आलेली पोरंही घेतात आणि तिसऱ्या वर्षी विकून बेसिंगस्टोकला जातात. एक दिवस सकाळी दार उघडावं आणि पायरीवर हातभर लांब कोर्जेट पडलेलं असावं. चिठ्ठी नाही, नाव नाही, ठेवून कोण पळालं याचा पत्ता नाही. तेव्हा समजावं, आपण इथले झालो. कोर्जेट हा दुधीचा गरीब नातेवाईक. ऑगस्टमध्ये ते या गावात इतकं पिकतं, की लोक ते ओळखीच्या माणसाच्या गळ्यात मारतात. अनोळखी माणसाला इंग्रज त्रास देत नाही.

सुप्रभाताई नागपूरहून अठ्ठ्याऐंशी साली इथे आल्या. त्यांच्या पायरीवर पहिलं कोर्जेट यायला तेहतीस वर्षं लागली.

तोवर गाव त्यांना पाठ झालं होतं. कुठल्या राउंडअबाउटवरून कुठला रस्ता फुटतो, कुठल्या आठवड्यात हिरवा बिन बाहेर आणि कुठल्या आठवड्यात निळा, कुठल्या घरातली कुत्री पोस्टमनला ओळखते. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. अर्ध्या गावाची पित्ताशयं त्यांना फाइल नंबराने माहीत होती आणि एकाबद्दलही त्या तोंडातून चकार शब्द काढत नसत. पण गाव त्यांच्याशी बोलायचं ते 'मॉर्निंग' आणि 'लव्हली डे' एवढंच. तेहतीस वर्षांचं सगळं बोलणं एकत्र केलं असतं तर हवामान खात्याचा एक बऱ्यापैकी जाड अहवाल झाला असता.

मग पाच वर्षं वेटिंग लिस्टवर थांबल्यावर त्यांना ओक लेनवर अलॉटमेंट मिळाली. रेल्वे लायनीपलीकडे कौन्सिलच्या जमिनीचे पट्टे पाडून लोकांना भाजीपाला लावायला दिलेत, त्यातला तेवीस नंबर. आणि त्या पट्ट्यावर उभं राहिल्याबरोबर गावाला वाचा फुटली. शेजारच्या चोवीस नंबरच्या डोरीनबाई, वय वर्षं एक्क्याऐंशी, पहिल्याच दिवशी कुंपणावरून आपल्या गुडघ्यापासून जावयापर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. इंग्रज माणूस घरात बोलत नाही, बसमध्ये बोलत नाही. त्याच्या हातात फावडं द्या, मग बघा.

आणि आता जूनच्या दुसऱ्या आठवड्यात असोसिएशनचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, की प्लॉट तेवीसच्या तीन चतुर्थांश भागावर तण माजलंय, नियम अकराचा भंग झालाय; शिवाय गेल्या शरदात त्या तणाला बी धरू देऊन शेजाऱ्यांना उपद्रव केला, हा नियम चौदाचा भंग. अठ्ठावीस दिवसांत प्लॉट साफ करावा, नाहीतर तो काढून घेऊन यादीतल्या पुढच्या माणसाला देण्यात येईल. खाली सही, सेक्रेटरी क्लाइव्ह हॉकिन्स. सहीच्या खाली हाताने लिहिलेलं: 'नथिंग पर्सनल, सू.' ओक लेनवर सुप्रभाचं सू झालं होतं.

"तण?" सुप्रभाताई पत्र धरून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. "अहो, हा माणूस माझ्या चाकवताला तण म्हणतो!"

उदयराव टोस्टला लोणी लावत होते. निवृत्त इंजिनियर, स्वभावाने सरळ, कुठलंही सरकारी पाकीट बघितलं की रक्तदाब वाढणारे. "अगं, पण इथे ते तणच आहे ना," ते हळूच म्हणाले. "फॅट हेन म्हणतात त्याला."

"लठ्ठ कोंबडी म्हणोत नाहीतर बारीक बदक म्हणोत. आपण तेहतीस वर्षं फ्रोझन पालक खाल्ला, आठवतं? आणि हा इथे पायाखाली उगवत होता."

ही गोष्ट खरी होती. अलॉटमेंटच्या पहिल्याच मे महिन्यात त्यांनी क्लाइव्हच्या कंपोस्टच्या ढिगावर टाकलेला चाकवत पाहिला आणि त्या जागच्या जागी थबकल्या. तीच पांढुरकी पावडर धरलेली कोवळी पानं. तोडून नाकाशी नेली, खात्री पटली, आणि पुढची चाल त्यांच्या डोक्यात तिथेच तयार झाली. त्यांनी क्लाइव्हला गोड आवाजात विचारलं, "मी तुमचं तण उपटून देऊ का? मला बसून राहवत नाही."

क्लाइव्हने आयुष्यात असा प्रश्न ऐकला नव्हता. त्या वर्षी सुप्रभाताईंनी ओक लेनवरच्या नऊ पट्ट्यांचं तण काढलं. लोक एकमेकांना सांगायला लागले, तेवीस नंबरची सू म्हणजे देवमाणूस आहे. देवमाणूस पिशव्या भरून घरी नेत होता, तीन पाण्यांत धुऊन ताकातला चाकवत करत होता, वर डाळ-दाणे आणि लसणीची फोडणी. उरलेला फ्रीझरमधे. अशा रीतीने सगळं गाव त्यांचं शेत झालं होतं आणि गाव वर 'थँक यू' म्हणत होतं.

मग गिऱ्हाइकं वाढली. देवयानी आली. ती पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत, तीन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेली. एकदा जेवायला बसली ती वाटी पुसून म्हणाली, "काकू, मला याची पिशवी हवी, दर आठवड्याला." तिच्यामागून तिच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या सासवा. लोकांच्या तणावर भागेना, तेव्हा सुप्रभाताईंनी आपल्याच पट्ट्यावर चाकवत पेरला. बी मुठीत घेऊन फेकलं, जसं त्यांचे वडील फेकत. दाट, हिरवागार, बोट शिरणार नाही असा उगवला. पाच वर्षं वाट पाहून मिळालेल्या जमिनीवर मुद्दाम तण पेरणारी ओक लेनच्या इतिहासातली ही पहिलीच बाई.

संध्याकाळपर्यंत बातमी 'ब्रॅकनेल मराठी परिवार' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचली. सुप्रभाताई वाचत राहिल्या आणि कोण कसं आहे याची मनात नोंद करत राहिल्या. एकाने लिहिलं, हा सरळ सरळ रेसिझम आहे. दुसऱ्याने पिटिशनचा मसुदा टाकला, त्यात 'सांस्कृतिक' हा शब्द चार वेळा. तिसऱ्याने वकिलाचा नंबर दिला, तो वकील घटस्फोटाचा निघाला. एकीने विचारलं, चाकवत म्हणजे काय? एकीने विचारलं, उरला असेल तर एक पिशवी मिळेल का? आणि मध्येच कुणीतरी गुलाबाच्या फुलासह 'शुभ संध्या'.

देवयानी ऑफिसमधून थेट घरी आली. "काकू, लोकल पेपरला देऊ या. मी लिहिते. उद्या क्लाइव्ह माफी मागत येतो की नाही बघा."

"माफी मागेल," सुप्रभाताई म्हणाल्या, "आणि पुढची वीस वर्षं माझ्याशी हवामानावर बोलेल. मला प्लॉट हवा आणि प्लॉटवरची माणसंही हवीत. आणि खरं सांगू? क्लाइव्हला माझा रंग दिसत नाही गं. त्याला ओळ दिसत नाही, हे त्याचं दुःख. त्याचे कांदे बघ, पोलिसांच्या कवायतीला उभे केल्यासारखे. इंग्रजाला पीक ओळखायचं तर ते ओळीत हवं आणि शेजारी पाटी हवी. माझं फेकून पेरलेलं, त्याला ते रान वाटलं."

"मग ओळीत लावा!"

"आता जूनमधे उपटून ओळीत लावला तर जगेल का? आणि चौदा नंबरच्या नियमाचं काय? बी मी धरू दिलं होतं, हे खरंच आहे. तिथे तो बरोबर आहे."

अंशुमनचाही फोन आला. मुलगा इथेच जन्मलेला, बेसिंगस्टोकला नोकरी, मराठी मनापासून पण लिंगाच्या बाबतीत उदार. "आई, तो भाजी काढून टाक ना. पोटॅटो लाव. इट्स ओन्ली अ प्लॉट."

"ओन्ली?" सुप्रभाताई म्हणाल्या. "बाळा, या गावात माझी ओळख काय होती सांग. तुझी आई, बाबांची बायको, आणि फाइल शोधून देणारी बाई. तिथे मी तेवीस नंबर आहे. डोरीन मला रुबार्ब देते, तो आंबट-ढाण असतो, मला आवडत नाही, पण ती माझ्यासाठी राखून ठेवते. प्लॉट गेला तर फाटकाच्या किल्लीसकट हे सगळं जातं. पुन्हा आपलं 'मॉर्निंग, लव्हली डे'."

अंशुमन म्हणाला, "ओके. फाइट कर मग. माझा ट्रेन आला."

त्यांनी अपील केलं. असोसिएशनच्या नियमाप्रमाणे अपील जुलैच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, ओक लेनच्या हटमधे, म्हणजे सभेच्या लाकडी खोलीत, हजर असलेल्या प्लॉटधारकांच्या मतांवर.

पण त्याआधी उदयरावांनी घोळ घातला. घाबरट माणसाने हिंमत केली की होते तशी गोष्ट झाली. एका शुक्रवारी सुप्रभाताई दातांच्या डॉक्टरकडे गेलेल्या पाहून ते एकटेच फावडं घेऊन ओक लेनला गेले आणि एका कोपऱ्यातला चाकवत उपटायला लागले. म्हटलं, थोडं साफ दिसलं तर प्रकरण मिटेल, आपलं नाव तरी खराब व्हायचं नाही. तेवढ्यात क्लाइव्ह आला. त्याने उदयरावांचा हात धरून जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "गुड मॅन. मला माहीत होतं, तुम्ही समजूतदार आहात."

घरी आल्यावर उदयरावांनी हे अभिमानाने सांगितलं. सांगताना अर्ध्यातच त्यांच्या लक्षात आलं, की यात अभिमानाचं काही नाही.

"म्हणजे," सुप्रभाताई एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने स्वतः कबूल केलं, की ते तण आहे. सेक्रेटरीसमोर. फावड्यासकट."

"अगं, मी एक अक्षर बोललो नाही."

"तुम्ही बोलत नाही हेच तर. निदान उपटलेला तरी कुठे आहे?"

तो डिकीत होता, दोन पिशव्या. टाकायची हिंमत झाली नव्हती. सुप्रभाताईंनी तो निवडला, धुतला आणि रविवारी ताकातला करून वाढला. उदयरावांनी मान खाली घालून दोनदा घेतला.

त्या आठवड्यात त्यांनी नियमांची पुस्तिका काढली. सव्वीस वर्षं रेकॉर्ड्समधे काढलेल्या बाईला पुस्तिका वाचायची भीती नसते. ती शेवटच्या पानापासून वाचते, कारण व्याख्या तिथे असतात. तण म्हणजे काय, याची यादी पुस्तिकेत नव्हती. लागवड म्हणजे काय, हे मात्र होतं: जे पेरलं जातं, ज्याची निगा राखली जाते, जे काढून घरी वापरलं जातं, ते. एवढं वाचून त्यांनी चष्मा पुसला. मग कपाटातून आपली वही काढली. प्लॉटची वही, रोजची, मराठीतून. कधी काय पेरलं, किती किलो निघालं, कुणाला दिलं. आणि चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानांवर, कुणाच्या पट्ट्यावरून चाकवताच्या किती पिशव्या आणल्या, तारखेसह.

"काकू, हे तर बॉम्ब आहे," देवयानी पानं उलटत म्हणाली. अपिलाला घरच्यांखेरीज एक माणूस सोबत नेता येत होता आणि तिने स्वतःची नेमणूक करून टाकली होती. "क्लाइव्हच्याच प्लॉटवरून अकरा पिशव्या! तुम्ही पेरायच्या आधी! उघडं पाडा त्याला."

"उघडं पाडलं की माणूस भांडतो," सुप्रभाताई म्हणाल्या. "मी आभार मानणार आहे."

देवयानी हसायला लागली, मग थांबली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांतलं सुप्रभाताईंचं आभारप्रदर्शन तिने तीनदा सोसलं होतं. गेली वीस वर्षं ते काम त्यांच्याकडेच. लोक कोट घालून दाराशी उभे असायचे आणि यांची यादी चालू असायची: पोहे कुणी केले, कांदा कुणी चिरला, माइकला सेल कुणी आणले. नवे लोक कंटाळायचे. सुप्रभाताईंचा हिशेब साधा होता: ज्याचं नाव राहिलं तो पुढच्या वर्षी खुर्च्या मांडायला येत नाही, आणि ज्याचं घेतलं तो चारचौघांत त्या कामाला बांधला जातो. आभार मानलेला माणूस मागे फिरू शकत नाही.

रविवारी हटमधे सुप्रभाताई धरून एकोणतीस प्लॉटधारक होते. एरवी सभेला नऊ यायचे. किटली उकळत होती, बिस्किटांचा डबा फिरत होता, आणि सगळे तेवीस नंबरकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. उदयराव मागच्या खुर्चीवर, परीक्षेला बसल्यासारखे. अध्यक्षबाई मॉरीन यांनी चष्म्यावरून पाहून क्लाइव्हला बोलायला सांगितलं.

क्लाइव्ह उभा राहिला. बहात्तर वर्षांचा, उंच, रेल्वेत सिग्नल सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. गाडी रुळावरून घसरू नये एवढीच त्याची जगाकडून अपेक्षा. "मला सू आवडते," तो म्हणाला. "आपल्या सगळ्यांनाच आवडते. पण नियम हा नियम. फॅट हेनचं एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्या जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. गेल्या शरदात तिने ते बियाला येऊ दिलं. वेटिंग लिस्टवर चाळीस माणसं आहेत. आणि, विथ रिस्पेक्ट, ते तण आहे हे मिस्टर खांबेट्यांनाही मान्य आहे. मी स्वतः त्यांना ते उपटताना पाहिलं."

सगळी डोकी मागे वळली. उदयराव खुर्चीत तीन इंच बुडाले.

"सू," मॉरीन म्हणाल्या, "तुला काही म्हणायचंय?"

सुप्रभाताई उठल्या. पदर नव्हता, कार्डिगन होतं. तेच नीट केलं. "हो," त्या म्हणाल्या. "मला आभार मानायचेत."

मागे देवयानीने डोळे मिटले.

"सगळ्यात आधी माझ्या नवऱ्याचे. पस्तीसपेक्षा जास्त वर्षं झाली लग्नाला, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भाजी काढून घरी आणली. दोन पिशव्या. आम्ही त्या रविवारी खाल्ल्या. यांनी दोनदा घेतली."

हटमधे हशा पिकला. मॉरीननी वळून विचारलं, "खरंच, मिस्टर खांबेटे?"

उदयराव उठून उभे राहिले. "तीनदा," ते म्हणाले, आणि बसले. दोनदाच घेतली होती. लग्नानंतर जगासमोर बायकोसाठी बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं, आणि तेही विनाकारण. सुप्रभाताईंनी ते त्यांच्या खात्यावर चांगल्या बाजूला लिहिलं.

"तुमच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर आहे," त्या पुढे म्हणाल्या, "पेरलं, निगा राखली, काढून घरी वापरलं, तर ती लागवड. मी बी पेरलं, ही तारीख. पाणी घातलं, या तारखा. काढलं, हे किलो. गेल्या वर्षी एकवीस घरांनी खाल्लं, त्यातल्या एका घरचा माणूस इथे बसलाय." देवयानीने अर्धा हात वर केला. "तेव्हा नियम अकरा झाला. आता चौदा. बियाचं. तिथे क्लाइव्हचं बरोबर आहे."

क्लाइव्हने मान वर केली. ही वळणाची गाडी त्याच्या वेळापत्रकात नव्हती.

"बी धरू दिलं ही माझी चूक. यापुढे तुरा दिसला की मी कापणार, आणि बियाला फक्त चार झाडं ठेवणार, जाळीखाली. क्लाइव्हने येऊन जाळी तपासावी. हे मी लिहून आणलंय, सही करून. क्लाइव्ह, लक्षात आणून दिल्याबद्दल तुमचे आभार."

"वेल," क्लाइव्ह म्हणाला. "नॉट ॲट ऑल."

"आणि आता ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं त्यांचे." त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि चष्मा नाकावर खाली घेतला. मंडळातले लोक असते तर इथे कोट शोधायला लागले असते. "चार वर्षांपूर्वीचा मे महिना. तेव्हा मी एकही बी पेरलं नव्हतं, माझ्या पट्ट्यावर नुसते दगड होते. आठ मे, प्लॉट सतरा, मॉरीन, तुमच्याकडून तीन पिशव्या. अकरा मे, प्लॉट चोवीस, डोरीन, चार पिशव्या. तेरा मे, ग्रॅहम, प्लॉट सहा, पाच. तुमच्या बीन्सखाली फारच छान आला होता. आणि या सगळ्यांच्याही आधी, पाच मे ते दोन जून, प्लॉट नऊ, क्लाइव्ह, एकूण अकरा. सगळ्यात कोवळा आणि सगळ्यात दाट तुमच्याकडचा, क्लाइव्ह. त्या वर्षीचा माझा पहिला चाकवत तुमच्या जमिनीतला. तुमच्याच चाकवताची दोन रोपं मी बियासाठी जगवली, माझ्या पट्ट्यावर जे उभं आहे ते त्याच बियातून वाढलंय. मी चार वर्षांत थँक यू म्हटलं नाही, ते राहून गेलं होतं. ते आज."

त्या नावं वाचत राहिल्या. नऊ पट्टे, एक्केचाळीस पिशव्या, तारखांसह. पहिल्या दोन नावांपर्यंत लोक चुळबुळले. चौथ्या नावाला कुणीतरी फिसकन हसलं. मग प्रत्येक नावाला त्या नावाचा माणूस लाल व्हायला लागला आणि शेजारचा त्याला कोपराने ढोसायला लागला. आरोप असता तर या लोकांनी उत्तर दिलं असतं. आभाराला इंग्रज माणसाकडे एकच उत्तर असतं, आणि ते ते सगळे पुटपुटत होते: "नॉट ॲट ऑल. माय प्लेझर."

मॉरीननी घसा साफ केला. "म्हणजे," त्या हळू म्हणाल्या, "सूने आपल्या सगळ्यांना चार वर्षं उपद्रवातून सोडवलं, आणि आपण तिला उपद्रवाची नोटीस दिली." त्यांनी क्लाइव्हकडे पाहिलं. "क्लाइव्ह?"

क्लाइव्ह उभा होता. नियम मोडणारा माणूस त्याला समजायचा, पण नियम पुस्तिकेतून वाचून दाखवणारा, चूक कबूल करून लेखी देणारा आणि तारखा ठेवणारा माणूस म्हणजे त्याच्याच जातकुळीतला. इतकी वर्षं ओक लेनवर तो एकटाच होता. "फेअर पॉइंट," तो म्हणाला. मग वहीकडे बोट करून, "ती वही. तू रोज लिहितेस?"

"रोज."

"पावसाची नोंदसुद्धा?"

"मिलिमीटरमधे."

क्लाइव्हने मान हलवली, जसा एखादा गवई दुसऱ्याच्या समेला हलवतो. "मी नोटीस मागे घेतो," तो म्हणाला. "पण मत घ्यावंच लागेल. नियम आहे."

मत घेतलं. सत्तावीस हात सुप्रभाताईंच्या बाजूने, त्यात क्लाइव्हचा सगळ्यात उंच. एक विरोधात, तो ग्रॅहमचा. ग्रॅहम नव्या किटलीच्याही विरोधात होता. आणि एक तटस्थ, कारण त्याच्या दोन्ही हातांत बिस्किटं होती. प्लॉट तेवीस सुप्रभा खांबेटे यांच्याकडेच राहील, आणि फॅट हेन हे ओक लेनवर मान्य पीक समजलं जाईल, ओळीत असो वा नसो. 'ओळीत असो वा नसो' हे मॉरीननी स्वतः घालायला लावलं.

"काकू!" देवयानीने बाहेर येताच त्यांना मिठी मारली. "मी परत कधी तुमच्या आभारप्रदर्शनात कोट घालणार नाही."

"घाल गं, हॉलमधे थंडी असते."

उदयराव फोनवर अंशुमनला सांगत होते, "अरे, मीसुद्धा बोललो! सभेत! उभं राहून!"

सुप्रभाताई पट्ट्यावर गेल्या. ऊन चांगलं पडलं होतं, चाकवत कंबरेला लागत होता, तुरे धरायच्या बेतात. दिलेला शब्द आजपासूनच पाळावा म्हणून त्यांनी कात्री काढली आणि पहिला शेंडा छाटला. तेवढ्यात कुंपणापलीकडून डोरीनबाईंचं डोकं वर आलं. चेहरा फुगलेला.

"सू, मला तुझ्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या. "तू आत सगळ्यांसमोर माझ्या चार पिशव्या सांगितल्यास."

"चारच आहेत, डोरीन. अकरा मे."

"सहा होत्या! दोन मी फाटकाशी आणून दिल्या होत्या तुला, पाठ दुखत असताना. आणि मॉरीनच्या तीन? तिच्याकडे तीन पिशव्यांचं तण कधीच नव्हतं, तिचा माळी येतो."

सुप्रभाताईंनी तोंडातलं हसू तोंडातच ठेवलं आणि वही उघडली. डोरीनच्या मागे अजून दोघं येऊन उभी राहिली होती, प्लॉट बारा आणि प्लॉट एकोणीस. त्यांचंही काही म्हणणं होतं. बाराच्या नावावर एकच पिशवी लागली होती आणि त्याच्या बायकोने त्याबद्दल त्याला आत्ताच फैलावर घेतलं होतं. आणि त्यांच्याही मागून, हातातली टोपी चुरगाळत, घाईघाईने क्लाइव्ह येत होता.

"सू," तो दुरूनच म्हणाला, "तुझ्या वहीबद्दल मला शंका नाही. पण अकरा? माझ्या हिशेबाने त्या चौदा होत्या."

"रांगेत या," सुप्रभाताई म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण काढलं.